गल्ल्याची किल्ली कमरेला, कॉम्प्युटरची कोणाकडे?

सोमवारची सकाळ, जळगाव एमआयडीसीतली एक डाळ मिल. मी पोहोचलो तेव्हा मालक, दिवाणजी आणि काट्यावरचा मुलगा असे तिघं एकाच स्क्रीनकडे बघत उभे होते. हिशोबाची टॅली उघडत नव्हती. डेटाच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाईलच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलं होतं आणि डेस्कटॉपवर एक नवी टेक्स्ट फाईल पडली होती: तुमचा डेटा आम्ही कुलूपबंद केला आहे, सोडवायचा असेल तर या ई-मेलवर बोला. मालक तोवर शांत होते. "रोजचा बॅकअप आहे ना आपला," म्हणत त्यांनी सीपीयूच्या मागे लावलेल्या हार्ड डिस्ककडे बोट दाखवलं. ती डिस्क दीड वर्षापासून तिथेच लावलेली होती. तिच्यातल्या फाईलींनाही तेच शेपूट होतं. मग मात्र ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आते काय करानं भाऊ?"

सीएकडे ऑडिटसाठी दिलेली सप्टेंबरपर्यंतची प्रत निघाली, एवढं नशीब. पुढच्या तीन महिन्यांच्या नोंदी काटापट्ट्या, बिलबुकं आणि बँकेची स्टेटमेंटं समोर ठेवून दोन माणसांनी पुन्हा टाईप केल्या. त्याला १७ दिवस लागले. चोर आला कुठून, तर अकाउंटंटला संध्याकाळी घरून काम करता यावं म्हणून कोणीतरी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायची सोय, थेट इंटरनेटवर उघडा ठेवला होता आणि त्याचा पासवर्ड होता मिलचं नाव आणि पुढे १२३.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या मिल, जिनिंग, सराफी दुकानं आणि कृषी केंद्रांचे कॉम्प्युटर मी बरीच वर्षं सांभाळतोय. माझं मत आता पक्कं झालं आहे. मालकांना कॉम्प्युटर कळत नाही, ही मोठी अडचण नाही. गल्ल्याची किल्ली ज्या हाताने कधी कोणाला दिली नाही, त्याच हाताने कॉम्प्युटरच्या सगळ्या किल्ल्या वाटून टाकल्या जातात आणि कोणाला काय दिलं ते लक्षातही राहत नाही, नुकसान तिथून सुरू होतं. म्हणून हा लेख किल्ल्यांपासून सुरू करतो. तुम्ही नुकताच धंदा सुरू केला असेल किंवा वडिलांच्या पेढीवर तुम्हीच पहिला कॉम्प्युटर आणला असेल, तर दिलेल्या क्रमाने एकेक काम करत जा. सगळं मिळून दोन आठवड्यांचं काम आहे आणि त्यातलं अर्धं फुकट होतं.

पहिलं काम: वही आणि पेन

शंभर पानी वही पुरे. पानावर चार रकाने पाडा: किल्ली कशाची, ती कोणाच्या नावावर, ओटीपी कोणत्या मोबाईलवर येतो, आणखी कोणाला माहीत आहे. आता एकेक लिहीत जा. कॉम्प्युटरचा लॉगिन, टॅलीचा मुख्य पासवर्ड, जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, इन्कम टॅक्स, नेट बँकिंग, दुकानाचा जीमेल, दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप, वेबसाईटचं डोमेन (तिचं इंटरनेटवरचं नाव) असेल तर ते, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर, वायफायचा राऊटर आणि दुकानाच्या नंबरचं सिम.

लिहायला बसलात की दोन-तीन रकान्यांत हात अडेल. अडेल तिथे खूण करा. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त अडतो तो जीएसटीचा रकाना. नोंदणी करताना टॅक्सवाल्यांनी स्वतःचा मोबाईल आणि ई-मेल टाकलेला असतो, कारण त्या दिवशी तेच सोयीचं होतं. माणूस भला असेलही. पण त्यांचा फोन हरवला, त्यांचं-तुमचं बिनसलं किंवा त्यांच्या ऑफिसातला मुलगा बदलला, तर तुमच्या नावाचं रिटर्न आणि तुमच्या नावाची बिलं कोणाच्या हातात आहेत, हे तुम्हाला कळणारही नाही. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या लॉगिनला सगळ्यांसाठी ओटीपीची दुसरी पायरी लागली आहे. पाईपची गाडी भरून गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि ओटीपी गेला शिरपूरला लग्नात बसलेल्या माणसाच्या फोनवर, असं होऊ देऊ नका.

दुरुस्ती सोपी आहे. जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून सर्व्हिसेस, मग रजिस्ट्रेशन, मग अमेंडमेंट ऑफ रजिस्ट्रेशन नॉन-कोअर फील्ड्स असं जा. ऑथराइज्ड सिग्नेटरीच्या पानावर मोबाईल आणि ई-मेल बदलता येतो. दोन्हीकडे ओटीपी येतो, तो टाकून शेवटी अर्जावर डिजिटल सही किंवा ईव्हीसी, म्हणजे ओटीपीने होणारी सही, करायची. लॉगिनच हाताशी नसेल तर नोंदणीची कागदपत्रं आणि ओळखपत्र घेऊन आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्यांकडे जायचं, ते नंबर आणि ई-मेल बदलून देतात. टॅक्सवाल्यांना आधी फोन करून सांगा, म्हणजे मनात अढी राहत नाही. काम तेच करतील, फक्त ओटीपी तुम्हाला विचारून घेतील.

सिमचंही असंच. दुकानाच्या बोर्डावर रंगवलेला नंबर कधीकाळी सोडून गेलेल्या नोकराच्या नावावर निघालेला मी पाहिला आहे. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. धंद्याचा नंबर त्या यादीत दिसला नाही, तर दुकानाचं कुलूप दुसऱ्याच्या नावावर आहे असं समजून आधी ते काम करा.

वही भरली की तिजोरीत. पासवर्ड कागदावर लिहू नये असं बरेच जण सांगतात. मी उलट सांगतो. तिजोरीतल्या वहीत लिहिलेले वेगवेगळे पासवर्ड हे डोक्यात ठेवलेल्या एकाच पासवर्डपेक्षा कितीतरी सुरक्षित. फक्त त्या वहीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवू नका.

दुसरं काम: पासवर्ड आणि माणसं

दुकानाचं नाव, मुलाचं नाव, मोबाईल नंबर, गाडीचा नंबर, हे पासवर्ड चोराच्या यादीत आधीपासून असतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत सलग टाईप करा. वांगं, नांगर, तापी, उशी असे. हे चार इथे छापले, म्हणून हे सोडून दुसरे घ्या. असा पासवर्ड लांब होतो, तुमच्या लक्षात राहतो आणि यंत्राला ओळखायला फार वेळ लागतो. जीमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप आहे, तिथे सहा आकडी पिन टाका. त्याच अ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून पाहा. दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप कोणकोणत्या कॉम्प्युटरवर चालू आहे ते दिसेल. ओळखू येत नसेल ते तिथल्या तिथे काढून टाका.

मग माणसं. बिल करणारा मुलगा, अकाउंटंट आणि मालक या तिघांचा एकच लॉगिन असेल, तर उद्या एखादी नोंद पुसली गेली की कोणाला विचारणार? विंडोजमध्ये रोजच्या वापरासाठी साधं स्टँडर्ड खातं करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. अनोळखी सॉफ्टवेअर भरताना कॉम्प्युटर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो, आणि त्या एका अडथळ्याने बरंच काही दारातच थांबतं. टॅलीतही प्रत्येकाला वेगळं नाव द्या, काय बघता येईल आणि काय बदलता येईल ते ठरवून द्या. एडिट लॉगची, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद राहण्याची, सोय चालू ठेवा. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारंच हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. तुमची साधी पेढी असली तरी ही सवय फायद्याची आहे.

माणूस काम सोडतो त्या संध्याकाळी वही काढा आणि चौथ्या रकान्यात जिथे जिथे त्याचं नाव आहे ते सगळे पासवर्ड बदला. तो चांगला होता तरी बदला. उद्या काही झालं तर त्याच्यावर खोटा आळ येऊ नये, यासाठीही हे लागतं.

तिसरं काम: बॅकअप

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तरी हे बरोबर असेल तर धंदा उभा राहतो.

नियम जुना आणि साधा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुकानाबाहेर. आपल्याकडच्या दुकानात तो असा बसवा. दोन एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्या. एकीवर जाड मार्करने अ लिहा, दुसरीवर ब. या आठवड्यात रोज संध्याकाळी हिशोब मिटला की अ लावायची, बॅकअप घ्यायचा, काढायची आणि कपाटात ठेवायची. शनिवारी अ घरी न्यायची आणि घरातली ब दुकानात आणायची. पुढच्या आठवड्यात ब. डिस्क वायरला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त राहता कामा नये. त्या डाळ मिलचा सगळा घात या एका गोष्टीने केला. लावून ठेवलेली डिस्क कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्याचाच एक कप्पा असतो. फाईली कुलूपबंद करणारा प्रोग्राम सगळे कप्पे उघडून पाहतो.

टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही आहेत. डेटा नक्की कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते कंपनी निवडतानाच्या पडद्यावर दिसतं. तो पत्ता वहीत उतरवून घ्या. नवीन कॉम्प्युटर आल्यावर रिकाम्या फोल्डरचा बॅकअप महिनोन्‌महिने घेतला जातो, हे एकदा-दोनदा नाही, बऱ्याचदा पाहिलंय. डेटाला कुलूप लावणारा टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावला असेल तर तो वहीत हवाच. तो विसरला तर डेटा उघडून देणारा कोणी नाही.

आता ते काम, जे जवळपास कोणीच करत नाही. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून पाहा. दुसरा नसेल तर घरचा लॅपटॉप चालेल. वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, शेवटचं बिल कोणत्या तारखेचं आहे बघा, बँकेची आणि रोकडीची शिल्लक चालू टॅलीशी जुळवा. जुळली तर तो बॅकअप. न जुळवलेली डिस्क म्हणजे गासडी न फोडता घेतलेला कापूस, आत काय आहे कोणाला माहीत.

तिसरी प्रत गुगल ड्राईव्हसारख्या ठिकाणी ठेवा, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नका. कॉम्प्युटरवरची फाईल बिघडली की जोडलेल्या ड्राईव्हवरचीही बिघडते. जुनी आवृत्ती परत मिळते, साधारण ३० दिवसांच्या आत, म्हणजे वेळेत लक्षात यायला हवं. आर्थिक वर्ष संपलं आणि रिटर्न भरून झालं की त्या वर्षाची एक प्रत वेगळ्या पेन ड्राईव्हवर घेऊन पाकिटावर वर्ष लिहा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. पेन ड्राईव्ह नुसता पडून राहिला तरी खराब होतो, म्हणून दिवाळीला वहीपूजन करताना जुनी पाकिटंही काढा, लावून बघा आणि गरज असेल तर नव्यावर उतरवा. आमच्या ओळखीच्या एका पेढीवर हा आता पूजेचाच भाग झाला आहे, आणि मला ते फार आवडतं.

जाता जाता, आपल्या भागापुरतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि जिनिंगमध्ये कापसाचं तूस हवेतच असतं. एका जिनिंगमधला सीपीयू उघडला तर पंख्यावर अक्षरशः गादी तयार झाली होती. हिटसिंक दिसत नव्हतं आणि हार्ड डिस्क हाताला चटका देत होती. पंधरा दिवसांतून एकदा कॅबिनेट ब्लोअरने साफ करून घ्या आणि कॉम्प्युटरला यूपीएस लावा. इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांसाठी असतो, तो चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात टॅलीचा डेटा बिघडू शकतो.

चौथं काम: उघडी दारं

"हे सगळं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी, आपल्या दुकानाला कोण विचारतो," असं मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. चोर दुकान बघून येत नाही. त्याचा प्रोग्राम इंटरनेटवरचा एकेक पत्ता रात्रंदिवस ठोठावत असतो, आणि जे दार उघडं मिळेल तिथून आत शिरतो. तुम्ही जळगावचे की जपानचे, हे त्याला नंतर कळतं. आणि कॉम्प्युटर आपल्या मातीतला नाही, हेही मला मान्य नाही. विप्रो ही कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजी आपल्या अमळनेरात सुरू झाली, वनस्पती तूप बनवणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणून.

तर दारं. पहिलं, रिमोट डेस्कटॉप. ज्याने नेट बसवलं त्याला स्पष्ट विचारा, राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं आहे का, ३३८९ नंबरचा पोर्ट बाहेरून उघडा आहे का. असेल तर आजच बंद करायला सांगा. घरून काम करायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खासगी वाटेने, करावं, ते तुमचा हार्डवेअरवाला बसवून देईल. लांबून कॉम्प्युटर चालवणारं एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर असेल तर त्यात कायमचा पासवर्ड ठेवलेला नाही ना ते बघा. सॉफ्टवेअर दुरुस्त करणाऱ्याला दरवेळी तुम्ही समोर बसून परवानगी द्या, काम झालं की बंद करा.

दुसरं, चोरीचं विंडोज आणि क्रॅक केलेलं हिशोबाचं सॉफ्टवेअर. ते भरताना आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. राखणदाराला घरी पाठवून अनोळखी माणसाला गोदामात नेण्यासारखंच हे. काही हजार रुपये वाचतात हे खरं, मी नाकारत नाही. पण नवा कॉम्प्युटर घेताना परवान्याचे पैसे त्याच किमतीत धरा, म्हणजे नंतर जड वाटत नाहीत.

तिसरं, अपडेट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॉम्प्युटर बंद पाडले. त्यात वापरलेली फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते अडकले. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. काउंटरवरचा कॉम्प्युटर यातला असेल तर बँकेचं काम त्याच्यावर करू नका, आणि नव्याची तरतूद या हंगामाच्या पैशातच करा. रोजचं अपडेट दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावलं की बिलाचा खोळंबा होत नाही.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि वायफायचा राऊटर कंपनीतून आलेल्या पासवर्डवरच चालू असतात, ते बदला. गिऱ्हाईकांसाठी वेगळं गेस्ट वायफाय करा, बिलिंगचा कॉम्प्युटर त्यावर नको. सापडलेला किंवा कोणी आणून दिलेला पेन ड्राईव्ह काउंटरच्या कॉम्प्युटरला लावायचा नाही. दारांचं एवढंच.

पाचवं काम: पैशाची वाट

रावेर-सावद्याकडचे केळीचे व्यापारी गाड्या भरून उत्तरेला पाठवतात आणि पैसे मागाहून येतात. अशाच एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर "लग्नाची पत्रिका" आली. ती फोटो नव्हती, पीडीएफ नव्हती, तिच्या नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं होतं. त्यांनी ती उघडली, फोनने परवानगी मागितली, ती दिली. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते फोनमधले मेसेज वाचू लागलं, आलेला ओटीपी परस्पर पुढे गेला आणि त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या हातात गेलं. त्यांना वाटलं, अ‍ॅप बिघडलं. तोवर दिल्लीकडच्या दोन गिऱ्हाइकांना त्यांच्याच नंबरवरून मेसेज गेला होता: जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे, या खात्यावर टाका. दोन गाड्यांचे पैसे भलत्याच खात्यात गेले. पाठवणारा म्हणे मी दिले, हे म्हणत मला मिळाले नाहीत. दहा वर्षांचा व्यवहार तुटला, आणि दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं.

म्हणून दोन कामं आजच करा. आपल्या सगळ्या देणेकऱ्यांना फोन करून सांगा की आमचा खाते नंबर मेसेजने कधीही बदलणार नाही, बदललाच तर मी स्वतः बोलेन. आणि तुम्हाला कोणी नवा खाते नंबर पाठवला, तर वहीतल्या जुन्या नंबरवर फोन लावून माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही टाकू नका. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर फोन लावून उपयोग नाही, तो चोराचाच असतो. आरटीजीएस आणि एनईएफटी करताना समोरच्या खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. पैसे सोडण्याआधी ते नाव वाचा. फर्मच्या जागी अनोळखी व्यक्तीचं नाव दिसलं की थांबा.

काउंटरवर यूपीआयचे पैसे आल्याची खात्री गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरच्या स्क्रीनशॉटवरून करायची नाही. साऊंडबॉक्स बोलला किंवा आपल्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली तरच माल द्यायचा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गर्दीत सराफाच्या दुकानातल्या मुलांना हे आदल्या दिवशी पुन्हा सांगावं लागतं. क्यूआर कोडवर रोज सकाळी बोट फिरवून बघा, वरून दुसरा स्टिकर चिकटवलेला असू शकतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे तुमचे जाणार. यूपीआयसाठी वेगळं चालू खातं ठेवा आणि त्यातली रक्कम दर दोन दिवसांनी मुख्य खात्यात वळवा. मोठ्या रकमांसाठी बँकेकडे दोन माणसांची पद्धत मागा: एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने मंजूर करायची.

सराफांसाठी एक वेगळी सूचना. २ लाखांवरच्या खरेदीला पॅन घ्यावा लागतो, आणि ते फोटो नोकरांच्या फोनच्या गॅलरीत वर्षानुवर्षं पडून राहतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. फोटो दुकानाच्या एकाच फोनवर घ्या, त्याच दिवशी कॉम्प्युटरच्या बंदिस्त फोल्डरमध्ये टाका आणि फोनमधून पुसा. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली वस्तू आहे ती, गहाण ठेवलेल्या दागिन्याइतकीच जपायची.

सहावं काम: घात झालाच तर

हे पान वेगळ्या कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन. सायबर आर्थिक फसवणुकीचा हा राष्ट्रीय नंबर आहे. रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक आणि कोणत्या खात्यातून गेली ते हाताशी ठेवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवत असतो, मधे कुठे ते गोठवता येतात का ते मिनिटांवर अवलंबून असतं. घरच्यांना काय सांगू, या विचारात आपली माणसं रात्र काढतात आणि तीच रात्र महाग पडते. मग बँकेला कळवा, लेखी. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणाच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तुमच्यावर बोजा येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. नंतर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि पोचपावतीचा नंबर वहीत लिहा. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाताना तो लागतो.

फाईली कुलूपबंद झाल्या असतील तर आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, बाहेरची कुठलीही डिस्क लावलेली असेल तर उपसा. दुकानातले बाकीचे कॉम्प्युटरही नेटवर्कवरून सोडवा. स्क्रीनवरच्या धमकीचा मोबाईलने फोटो काढा. फॉरमॅट मारू नका. घाईघाईने फॉरमॅट मारणारा माणूस पुरावाही पुसतो आणि डेटा परत मिळण्याची उरलेली शक्यताही. बॅकअपची डिस्क त्या कॉम्प्युटरला लावून "बघू चालते का" हा मोह तर मुळीच नको, घरातली चांगली प्रतही त्यात जाईल. नो मोअर रॅन्सम नावाचा पोलीस यंत्रणा आणि सुरक्षा कंपन्यांचा २०१६ पासूनचा उपक्रम आहे. काही प्रकारच्या कुलपांच्या चाव्या तिथे फुकट मिळतात, तिथे तपासून घ्या. चोराला पैसे देऊ नका. दिल्यावर डेटा मिळेलच याची हमी नसते आणि देणारा म्हणून तुमचं नाव त्याच्या यादीत राहतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते.

सगळे पासवर्ड बदला, पण ज्या कॉम्प्युटरला लागण झाली त्याच्यावरून नको. घरच्या फोनवरून बदला, जीमेलपासून सुरुवात करा, कारण बाकीच्यांचे रीसेट तिथेच येतात. वही तिजोरीतून काढा, वरून खाली जा आणि एकेकापुढे नवी तारीख टाका.

आणि चिकटवलेल्या त्या कागदाच्या तळाशी एक ओळ दुकानातल्या मुलांसाठी लिहा, मोठ्या अक्षरात: चुकून काही उघडलं गेलं, क्लिक झालं, तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही. ती ओळ लिहिली की पाळायचीही. एका कृषी केंद्रात सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने शुक्रवारी दुपारी एक एपीके उघडली आणि मालक ओरडतील म्हणून गप्प बसला. रविवारी खातं रिकामं झालं, आणि मधल्या दोन दिवसांत तो मुलगा रोज कामावर येत होता, बिलं करत होता.